बेल्टमागचा बाण

दार लोटून घे रे, सुजीत. आणि हसायचं असेल तर सगळ्यांनी आत्ताच हसून घ्या, मधे हसलेलं मला चालणार नाही. महादू माझ्याच खोलीत वरच्या खाटेवर झोपायचा, दुबईजवळ अजमानला, फर्निचर कंपनीच्या कॅम्पवर, चार वर्षं. त्याच्या तोंडून ऐकलं आणि मी पाहिलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तारीखसुद्धा पक्की आहे. अठ्ठ्याण्णव सालचा बारा नोव्हेंबर, गुरुवार. दुसऱ्या दिवशी शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे रात्री नऊला कॅम्प निम्मा रिकामा. कोण शारजाला भावाकडे, कोण बाजारात. महादू भाताचं पातेलं उतरवत होता, तेवढ्यात गनी फोरमन दारात येऊन उभा राहिला.

"महादू, ही घे चावी. मोठ्या सँडिंगला एकशेवीस नंबरचा नवा बेल्ट चढवून ठेव. सुट्टी असली तरी सकाळी सहाला माणसं लावतो खुर्च्यांवर."

"आत्ता? गनीभाय, मी पहाटे पाचला जातो की."

"पहाटे तुझं सेटिंग बघत बसू? शनिवारी हॉटेलवाल्याचा ट्रक उभा राहणार. यल्ला, चल, अर्ध्या तासाचं काम. खलास."

गनी चिपळूणकडचा, महादू लांज्याचा. पण आपल्या मुलखातला फोरमन आपल्यावर जीव लावतो असं कुणी सांगितलं, तर त्याला खुशाल वेड्यात काढा.

महादूला जायचं नव्हतं. का, तेही ऐका. दीड महिन्यापूर्वी त्याच लाकूड घासायच्या मशीनवर रामेश्वरचा जीव गेला होता.

हा रामेश्वर परभणीकडचा. खुर्चीचा वाकडा पाय घासावा तर त्यानंच. आणि सावध एवढा, की आम्ही त्याला भित्री भागूबाई म्हणायचो. मशीनजवळ हातमोजे घालणार नाही, कारण मोजा अडकला की हात आत जातो. बाह्या कोपराच्या वर. गळ्यातली माळ काढून खिशात. "फिरत्या मशीनला माया नसते, दादा," म्हणायचा.

खंडेनवमीला आपली पोरं मशीनची पूजा करायची. मालक काणाडोळा करायचा. पूजा झाली की त्या दिवशी हत्यार धरायचं नाही हा आपला नियम, कंपनीचा नव्हे. त्या वर्षी महादूनं हौसेनं नवा बेल्ट काढला आणि त्यालाही हळदकुंकू लावलं. ओलं, चांगलं बोटं भरून, पाठीमागच्या बाजूला. आता हा बेल्ट म्हणजे पॉलिशपेपरचा गोल पट्टा, त्याच्या पाठीवर एक बाण छापलेला असतो. मशीन फिरतं त्याच दिशेला बाण हवा. उलटा चढला तर बेल्टचा जोड लाकडाला अडतो, उकलतो आणि फाडकन तुटतो. कुंकवाखाली तो बाण बुजला. महादूनं पुसून बघायचं, तर देवाचं कुंकू कसं पुसायचं म्हणून अंदाजानंच बेल्ट चढवला आणि वर गार्ड, म्हणजे झाकणही बसवून टाकलं. जेवणानंतर रामेश्वर कामाला उभा राहिला. तासाभरात जोड सुटला. हातातला खुर्चीचा पाय उडाला आणि सरळ त्याच्या गळ्यावर बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

कंपनीच्या माणसानं विचारलं, बेल्ट कोणी लावला? महादू म्हणाला, "रामेश्वरनंच."

व्हिसा जाईल, जेल होईल, ही भीती. मेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार आहे? कागदावर लिहिलं गेलं, कामगाराचा स्वतःचा हलगर्जीपणा. गनीला खरं ठाऊक होतं. त्यानं कानावर हात ठेवले. मग रामेश्वरच्या बायकोचं, सगुणाबाईचं, महादूला पत्र आलं. "भाऊजी, हे कधी बेसावध नसायचे. इथे लोक म्हणतात, दारू पिऊन कामावर गेला असेल. माझा पोरगा ते ऐकतो. तुम्ही शेजारी होता. खरं काय ते कळवा." महादूनं पत्र उशाखाली सारलं आणि उत्तर लिहिलं नाही. मला त्याचा संताप येतो, अजून येतो.

तर त्या रात्री तो जेवून निघाला. कॅम्पपासून वर्कशॉप दहा मिनिटांवर, वाळूतून. साडेदहाला त्यानं शटर वर केलं, एक ट्यूब लावली आणि कामाला लागला. मेन स्विच खाली. एवढ्यानं त्याचं भागेना, म्हणून मशीनचा प्लगसुद्धा काढून जमिनीवर टाकला. गार्ड उतरवून भिंतीला टेकवला. ताणाचा दांडा सैल केला, जुना बेल्ट ओढून काढला. नव्या बेल्टचं खोकं फोडलं, प्लॅस्टिक फाडलं. पाठीवरचा बाण बघितला. डावीकडून उजवीकडे. बरोबर. बेल्ट दोन्ही रुळांवर चढवला, ताण दिला, हातानं दोन फेऱ्या फिरवून बघितला. मधोमध चालत होता.

गार्ड आणायला तो भिंतीपर्यंत गेला. चार पावलं.

परत येऊन सवयीनं आत डोकावला. बाण उजवीकडून डावीकडे.

घाईत आपणच चुकलो, असं म्हणाला. बेल्ट उतरवला, पालटला, चढवला. या वेळी मशीनच्या टेबलावर पेन्सिलनं शेजारीच एक बाण काढला, म्हणजे घोटाळा नको. दोन्ही बाण एका दिशेला. वाकून गार्ड उचलला.

वर बघितलं.

पेन्सिलचा बाण जागेवर. बेल्टचा... उलटा.

आता त्याची पाचावर धारण बसली. तरी हात चालू होते बिचाऱ्याचे. काम पुरं केलं नाही तर सकाळी गनी. तिसऱ्यांदा त्यानं बेल्ट उतरवला. आतून बोटं फिरवली आणि बोटं ओली झाली. ट्यूबखाली धरली.

लाल.

खोकं आत्ता फोडलेलं. प्लॅस्टिक पायाशी पडलेलं. आणि बेल्टच्या पाठीवर ओलं कुंकू.

त्यानं बेल्ट तसाच मशीनवर टाकला आणि शटरकडे धावला. शटर खाली होतं. ते त्यानं ओढलं नव्हतं. हिसके दिले, लाथा घातल्या. हलेना.

पाठीमागे मशीन सुरू झालं.

प्लग जमिनीवरच होता. त्याला दिसत होता.

तुम्ही कधी सँडिंगचा आवाज ऐकलाय? रिकामं फिरतं तेव्हा एक आवाज असतो, हलका. लाकूड टेकलं की आवाज जड होतो, दबतो. ते नुसतं ऐकून कळतं. मशीन रिकामं फिरत होतं... फिरत होतं...

मग आवाज जड झाला.

कुणीतरी काहीतरी टेकवलं होतं.

समोर कोणी नाही. पण टेबलाखाली भुसा पडत होता. बारीक. सारखा. एकशेवीसचा पडतो तसा.

"महादू..."

आवाज रामेश्वरचा, नेहमीचाच होता. रागावलेला नव्हे, रडवेला नव्हे. दुपारी स्क्रू मागावा तसा.

"बाण बघितलास?"

महादू शटरला पाठ लावून खाली बसला.

"बेल्ट कोणी लावला?"

महादूनं गुडघे पोटाशी ओढले.

"कोणी लावला, महादू?"

"मी," महादू म्हणाला. "मी लावला रे. माझ्याकडून झालं. मला माफ कर."

मशीन थांबलं नाही. उलट आणखी दबलं. भुसा आता त्याच्या पायांपर्यंत आला होता.

"मला कशाला सांगतोस?"

...

"मला माहीतच आहे."

महादूनं आईची शपथ घेतली. देवाची घेतली. सगुणाबाईला कळवतो म्हणाला, पोलिसांत जातो म्हणाला, सकाळ होऊ दे म्हणाला. मशीन तसंच घासत राहिलं.  मग मशीन मंदावलं... आणि थांबलं. महादूनं शटरला हात लावला तर ते सहज वर गेलं.

एक वाजता त्यानं मला हलवून उठवलं. घामानं भिजलेला, अंगभर भुसा. सगळं सांगितलं. मी म्हटलं, आत्ताच कागद घे, तू सांग, मी लिहितो. तो म्हणाला, "सकाळी लिहू."

उजाडल्यावर सगळेच शूर होतात, पोरांनो. सकाळी गनीनं त्याला बाजूला घेतलं. "वेडा झालास काय? बोललास तर तू पण जाशील, मी पण. गेला तो काय परत येणार हाय? गप बस." आणि महादू गप्प बसला. मीही फार जोर केला नाही, हे कबूल करतो. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे कंपनीवालेच असतात असं नाही. आम्ही दोघं-तिघंही तेच करत होतो.

आठ दिवस गेले. पुढच्या शुक्रवारी जेवून महादू नळावर हात धुवायला गेला आणि परतच येईना. मी बघायला गेलो. तो उजवा तळवा दिव्याखाली धरून उभा होता. "बघ रे," म्हणाला. जखम नाही, रक्त नाही, दुखत नाही. पण तळव्यावर एक रेषा नाही. बोटांच्या टोकांवरसुद्धा नाही. आधी जाड, मग बारीक बेल्ट मारून तयार केलेल्या खुर्चीच्या पाठीसारखा गुळगुळीत.

त्या रात्री सगुणाबाईला पत्र मी लिहिलं. महादूनं सांगितलं तसं सगळं, कुंकवासकट. शनिवारी सकाळी मीच त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. रामेश्वरच्या नावावरचा तो हलगर्जीपणा कागदावरूनही पुसला गेला पाहिजे, एवढंच आता महादूला हवं होतं. तो तासभर बोलला. एका मल्याळी माणसानं त्याचं हिंदी अरबीत करून सांगितलं, साहेबानं लिहून घेतलं. एकही शब्द त्यानं लपवला नाही.

मग त्याच्यापुढे कागद सरकवला आणि शाईचा पॅड. उजवा अंगठा. तो उठल्याशिवाय जबाब धरत नाहीत.

महादूनं अंगठा टेकवला. साहेबानं बघितलं, कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यांदा टेकवायला लावला. तिसऱ्यांदा त्यानं महादूचं मनगट स्वतः धरून दाबलं, मग त्या मल्याळ्याला काहीतरी विचारलं. तो आमच्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "साब पूछता है, ये बयान किस का है? इस में तो कोई आदमी नहीं है."

मी वाकून बघितलं. कागदावर काळे तीन ठिपके होते. आत एकही रेघ नव्हती.