पूर्वेचा बुटका खांब

"मला नाव हवंय," रंगाच्या कारखान्याचे मालक खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले. "पोलीस नंतर. ज्यानं हे केलं त्याला मी या धंद्यात कुठंही उभं राहू देणार नाही."

वकीलबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. काळा कोट उतरवून त्या खासगी तपासाच्या कामाला लागल्या, तरी लोक त्यांना वकीलबाईच म्हणत. शेजारी त्यांचे धाकटे दीर बसले होते, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मास्तर वहिनींबरोबर सगळीकडे जात, मन लावून ऐकत, आणि उलगडा मात्र त्यांना सगळ्यांत शेवटी होई.

"झालं काय?" बाईंनी विचारलं.

कंपनीच्या सभेत विक्रीचा विभागवार रिपोर्ट पडद्यावर लागला होता. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार रंगीत खांब. पूर्वेचा खांब इतका बुटका, की मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मालकांनी पूर्वेच्या प्रमुखाला उभं केलं, फुकटखाऊ म्हटलं, तिथल्या तिथे काढून टाकलं आणि पूर्वेचं ऑफिस बंद केलं. मग बिलं तपासली, तर सगळ्यांत जास्त रंग पूर्वेनंच विकलेला! तोवर तिकडचे दुकानदार चिडून दुसऱ्या कंपनीकडे गेले होते.

"प्रमुख सभेत काय म्हणाले?"

"काय म्हणणार? 'आपण म्हणाल तसं' म्हणाला आणि गेला. याच्या थोरल्या भावालाही मी असंच भर सभेत काढलं होतं. त्यानं निदान हातपाय तरी जोडले. पुढं अंथरूण धरलं आणि गेला म्हणे. घराणंच मऊ."

मास्तरांना वाईट वाटलं. बाईंचा चेहरा हलला नाही.

"संशय कुणावर?"

"संशय कसला? रिपोर्ट बनवणारी पोरगी! कालच हाकललीय. पश्चिमेच्या प्रमुखानं तिला फितवलं असणार. पहिला नंबर त्याचाच आला ना!"

बाईंनी कंपनीच्या ऑफिसात जाऊन त्या मुलीला तिथं बोलावून घेतलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज ताठ होता.

"विभागाचं नाव मी टाइपच करत नाही, बाई. दुकानापुढं विभाग लिहायचं काम त्या त्या विभागाच्या ऑफिसचं. तिथं माझा हात पोचत नाही. मी फक्त विभागवार बेरीज मागते. सॉफ्टवेअर सारख्या नावांचे गठ्ठे बांधतं आणि बेरीज देतं."

"खांब चारच कसे?"

"मालकांचा हुकूम. कुणी नाव चुकीचं लिहिलं की पाचवा खांब उगवायचा. मालक भडकले, 'मला चारच दिसले पाहिजेत!' चारही प्रमुखांसमोर म्हणाले. तेव्हापासून ठरलेली चार नावं सोडून बाकीचं गाळलं जातं."

"आणि रिपोर्टच्या पुढच्या पानावरचा हा एकूण विक्रीचा खांब?"

"तो वेगळा. थेट बिलांवरून."

मास्तर मघापासून कागदावर रेघोट्या ओढत होते. "वहिनी, हे चारही खांब एकावर एक रचले, तरी एकूणाच्या खांबाला पोचत नाहीत. माझंच माप चुकलं असणार."

"गाळण्याआधीची नावं दाखव," बाई मुलीला म्हणाल्या.

यादी उघडली. उत्तर, दक्षिण, पश्चिम, पूर्व. आणि खाली पुन्हा एकदा पूर्व.

"दोन पूर्व? मग सूर्यानं उगवायचं कुठं?" मास्तर म्हणाले. कुणी हसलं नाही.

बाईंनी खालच्या 'पूर्व'च्या शेवटी कर्सर नेला. तो अक्षराला चिकटला नाही, एक घर सोडून उभा राहिला. "हं," त्या म्हणाल्या.

पश्चिमेचे प्रमुख अत्तराचा घमघमाट घेऊन आले. "माझ्या पासवर्डनं माझीच दुकानं उघडतात, बाई. दुसऱ्याच्या विभागात मालकांनासुद्धा बदल करता येत नाही. पूर्वेकडं तर कारकूनही नव्हता. प्रमुख स्वतः टाइप करत बसायचे. आम्ही हसायचो त्यांना."

पूर्वेचे प्रमुख नव्या कंपनीत भेटले. शांत, नीटनेटका माणूस.

"सभेत बोलला का नाहीत?"

"मालकांनी विचारलं कुठं?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना मालकांच्या केबिनमध्ये बसवलं.

"मास्तरांचं माप बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "खांब कमी पडत होते, म्हणजे विक्री झाली होती, पण गाळली गेली होती. पूर्वेच्या मोठ्या दुकानांपुढं 'पूर्व' लिहून शेवटी एक मोकळी जागा सोडलेली आहे. डोळ्याला दिसत नाही. सॉफ्टवेअरला मात्र ते पाचवं नाव वाटतं. त्याचा वेगळा गठ्ठा झाला आणि मालकांच्या हुकमानं तो गाळला गेला."

"पण कुणी केलं?" मालक ओरडले.

"पूर्वेची नोंद पूर्वेच्याच ऑफिसातून होते. तिथं टाइप करणारा माणूस एकच. शिवाय रोज आपल्या हातानं माल पाठवणारा माणूस तो बुटका खांब बघून गप्प कसा बसेल? निरपराध माणूस आकाशपाताळ एक करतो."

सगळे पूर्वेच्या प्रमुखाकडे वळले. मास्तरांचा आ वासलेलाच राहिला. "अहो, पण तुमचीच नोकरी गेली की!"

"जायलाच हवी होती," प्रमुख म्हणाले. "दादाचा विभागही असाच एका रिपोर्टवर बुडाला. तो रिपोर्टही चुकीचा होता. दादा हात जोडून म्हणत राहिला, एकदा बिलं बघा. यांनी बघितली नाहीत. शेवटच्या दिवसापर्यंत दादा भिंतीकडं तोंड करून आकडे पुटपुटायचा." ते मालकांकडे वळले. "सभेत खरी बिलं माझ्या खिशात होती. 'असं कसं झालं?' एवढं एकदा विचारलं असतंत, तर बिलं काढून दिली असती आणि सगळं तिथंच संपलं असतं. तुम्ही शिव्या दिल्यात. पूर्व तुम्ही स्वतःच्या हातानं बुडवलीत. मला तेच बघायचं होतं."



"झालं तुमचं?" रिपोर्टवाली मुलगी उठली. "भाऊ गेले, वाईट झालं. पण तुमच्या सूडात मी कुठून आले, साहेब? मला चोर ठरवून हाकललं. माझी आई शेजारीपाजारी सांगतेय, पोरीला बरं नाही म्हणून. खरं काय ते तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात."

प्रमुखांची मान पहिल्यांदाच खाली गेली. "तुझा विचारच केला नाही गं," ते पुटपुटले.

"काय हवंय तुला?" बाईंनी विचारलं.

"नोकरी नको. तीच सभा हवी. तीच माणसं. हे दोघं उभे राहून माफी मागतील."

मालक उसळले. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की नाहीतर ही हकिकत एकेका दुकानदाराला त्या स्वतः जाऊन सांगतील.

आठवड्याच्या आत सभा भरली. मास्तर मुलीच्या शेजारी शेवटच्या रांगेत बसले. आधी प्रमुख बोलले, सरळ आणि स्पष्ट. मग मालक उभे राहिले. नजर टेबलावर, आवाज घशातल्या घशात.

मुलगी उभी राहिली.

"मागं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

मालकांनी घसा खाकरला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.