वेळेवर पैसे भरणारा चोर

पहिला फोन आला तेव्हा तिने तो अर्ध्यातच कापला. "मॅडम, तुमच्या कार्डाचे पैसे थकलेत, वेळीच बघा, नाहीतर..." एवढं ऐकलं आणि नंबर ब्लॉक केला. शिकलेली बाई होती. असल्या फोनना फसायचं नसतं हे तिला पाठ होतं. शिवाय त्या बँकेचं कार्डच तिच्याकडे नव्हतं. पुढच्या वेळी फोन दुसऱ्या नंबरवरून आला. "दुसरं गिऱ्हाईक शोधा," असं सुनावून ती स्वतःच्या हुशारीवर खूश झाली आणि बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत बसली.

महिन्याभराने बँकेचा वसुलीचा माणूस दारात आला.

पायपुसण्यावर बूट नीट पुसून त्याने हातातला कागद पुढे धरला. त्यावर तिचं नाव होतं, जन्मतारीख होती, ओळखपत्रावरचा तो भुतासारखा फोटो होता.

"हे तुम्हीच ना?"

"मीच. पण हे कार्ड मी घेतलेलं नाही."

"सगळे असंच म्हणतात, मॅडम." त्याच्या आवाजात राग नव्हता. पाणी मागावं तसं तो बोलला. "आठवड्याभरात शाखेत जाऊन या. नंतर माझ्या हातात काही राहणार नाही."

तिने दार लावलं. घाबरायला हवं होतं, पण आतून काहीच हाललं नाही. बाळ झाल्यापासून तिचं असंच चाललं होतं. कानात, डोक्यात, छातीत कापूस कोंबल्यासारखं. सगळं कळायचं, पण पोचायचं नाही.

एक गोष्ट मात्र पोचली. पुढच्या महिन्यात तिची वाढवून घेतलेली रजा संपत होती. ती कामावर गेली की बाळाला तिघं मिळून सांभाळणार, असं ठरलं होतं. सकाळी नवरा, कारण त्याची पाळी दुपारची असायची. दुपारी दीर, कारण त्याचा धंदा बसल्यापासून तो घरीच होता. आणि सुट्टीच्या दिवशी किंवा अडीनडीला ताई, तिची सख्खी मोठी बहीण.

तिचं ओळखपत्र आणि फोन दोन्ही ज्यांच्या हाताला लागू शकतात, अशी माणसंही हीच तिघं.

यातल्या एकाने तिच्या नावावर चोरी केली होती. आणि त्या एकाच्या हातात ती बाळ देणार होती.

* * *

तक्रार विभागातली बाई काचेपलीकडे बसली होती. समोरचं पेन दोरीने टेबलाला बांधलेलं होतं.

"आधी ओळख पटवावी लागेल. जन्मतारीख?"

तिने सांगितली.

"मोबाइल नंबर?"

तोही सांगितला. मांडीवरचं बाळ त्या दोरीकडे झेपावत होतं.

"सुरक्षेचा प्रश्न. लहानपणी घरात पाळलेला प्राणी?"

"कासव. अरे, अरे, सोड ते!" पेन बाळाच्या तोंडात गेलं होतं.

"बरोबर," बाई हसून म्हणाली. "राहू दे, पेन तसंही चालत नाही. बोला."

"हे कार्ड कधी निघालं?"

बाईने तारीख सांगितली. बाळंतपणाचा आठवडा. तेव्हा ती हॉस्पिटलात होती. विम्याच्या कागदांसाठी तिची पर्स नवऱ्याकडे होती, औषधं आणायला दीर धावत होता, रात्री ताई उशाशी होती. फोन तिघांच्या हातात फिरत होता.

"कार्ड पोचलं कुठे?"

"तुमच्याच पत्त्यावर. सही म्हणजे नुसती रेघ आहे."

त्या महिन्यात तिघंही त्याच घरात होती. ताईसुद्धा बाळंतिणीचं बघायला येऊन राहिली होती.

"त्यावर खरेदी काय केलीय?"

"काहीच नाही. एकच व्यवहार आहे. बॅलन्स ट्रान्सफर."

"म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी कार्डावरचं देणं उचलून या कार्डावर आणलं. सहा महिने व्याज माफ असतं. लोक करतात. एकाची मुदत संपत आली की दुसऱ्यावर ढकलायचं, तेवढाच श्वास घ्यायला वेळ."

"पैसे कुणाला मिळाले?"

"हातात कुणालाच नाही. आमच्या बँकेतून त्या बँकेत गेले, जुनं कार्ड कोरं झालं."

"ते जुनं कार्ड माझ्या नावाचं होतं?"

"नाही. तेव्हा दुसऱ्याच्या कार्डावरही पाठवता यायचं, आता बंद केलंय. नाव मात्र पोलिसात तक्रार झाल्याशिवाय देता येणार नाही." बाईने पडद्यावर बोट ठेवलं. "पण हे जरा विचित्र आहे. दर महिन्याला पैसे भरलेत. मुदतीच्या आधी, किमान रकमेहून थोडे जास्तच. आणि मग तीन महिन्यांपूर्वी एकदम बंद."

"चोर हप्ते भरत होता?"

"इतकी वर्षं या खुर्चीत आहे. असला चोर पहिल्यांदाच बघतेय." बाईचा आवाज उतरला. "घरचं कुणी असेल. तक्रार करा, नाव द्या, नाहीतर हे देणं तुमच्या गळ्यात पडेल. मधला रस्ता नाही."

* * *

दीर सोफ्यावर आडवा पडून बाळाला पोटावर नाचवत होता.

"भाऊजी, एक विचारू?"

"पैसे सोडून काहीही विचारा, वहिनी."

"पैशांचंच विचारायचंय. तुमचं देणं किती उरलंय?"

"मोजणं सोडलंय. दुकानाच्या मालकाचं आहे, माल देणाऱ्याचं आहे, दोन मित्रांचं आहे. त्यातला एक आता मित्र नाही."

"आणि कार्डाचं?"

तो खदखदून हसला. "मला कार्ड कोण देणार? बँकेच्या दारात नुसता उभा राहिलो तरी वॉचमन विचारतो, काय काम आहे म्हणून. कधीच नव्हतं आणि आता तर मिळणारही नाही."

तिने त्याच्या हातातून बाळ घेतलं. का घेतलं ते त्याला कळलं असावं. तो उठून बसला.

नवरा जेवायला बसला होता.

"तुझ्या कार्डावर मागे मोठी रक्कम होती का रे? मला न सांगितलेली?"

"नाही."

"नक्की?"

त्याने घास खाली ठेवला. "कालपासून तू माझे खिसे बघतेयस, मला दिसतंय. बघ. फोन घे, बँकेचं घे, सगळं घे. फक्त एक सांग. मला विचारलंस, त्याला विचारलंस. ताईंना विचारलंस?"

"ताईला काय विचारायचं? ती सगळ्यांची बिलं भरते."

ते खरंच होतं. हॉटेलात बिल आलं की ताईचा हात आधी. "राहू दे गं, मला कार्डावर पॉइंट मिळतात." बाळाचा पाळणा ताईचा, बाबागाडी ताईची. गेल्या वर्षी आईच्या आजारपणात एवढ्या महागड्या हॉस्पिटलचं कसं होणार म्हणून सगळे घाबरले, तेव्हाही ताईच म्हणाली होती, "मी बघते." आई गेली. बिलाचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी तिने ताईला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे कुणी बाई संथ आवाजात एकामागून एक आकडे पुकारत होती.

"कसला आवाज येतोय?"

"ऑफिसात काहीतरी ट्रेनिंग चाललंय." ताई थांबली. "मग? तू पोलिसात जाणार?"

"जावंच लागेल. आठवडाच आहे हातात."

"हं. जा मग. जायला हवंच." पुन्हा थांबली. "पिल्लू झोपलंय का?"

* * *

दुसऱ्या दिवशी ती बाळाच्या अंघोळीचा टब घासत होती. नवरा दारात टॉवेल घेऊन उभा होता. कालपासून दोघांत कामापुरतंच बोलणं होतं.

"एवढ्याशा टबात आमचं कासव राहायचं," ती सहज म्हणाली. "उन्हाळ्याची सुट्टी संपायच्या आत मेलं बिचारं."

"तुमच्याकडे कासव होतं? एवढ्या वर्षांत बोलली नाहीस कधी."

"बोलण्यासारखं काय त्यात? आम्हा चौघांनाच..."

तिचा हात टबातच थांबला.

तो प्रश्न तिने कधी निवडलाच नव्हता. कार्डच तिचं नव्हतं. उत्तर चोराने भरलं होतं आणि तिने बँकेत ते अचूक सांगितलं होतं. पेनाच्या नादात लक्षातच आलं नाही.

घरातले ते चौघं. बाबा गेले, आई गेली.

"बाळाला धर," ती नवऱ्याला म्हणाली आणि ओल्या हाताने ताईच्या ऑफिसचा नंबर लावला.

"मॅडम आता इथे नसतात," पलीकडचा मुलगा म्हणाला. "तो विभागच बंद झाला ना. तीन महिने झाले."

तीन महिने. हप्ते बंद झाले तेव्हापासूनच.

आकडे पुकारणारा तो संथ आवाजही आता तिला ओळखू आला. बाळाला लस द्यायला सरकारी हॉस्पिटलात नेलं की तोच आवाज टोकन पुकारायचा.

* * *

सरकारी हॉस्पिटलचा बाह्यरुग्ण विभाग म्हणजे दिवसभर कुठेही बसा, कुणी विचारत नाही. शेवटच्या रांगेत ताई बसली होती. इस्त्रीचे कपडे, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राची पट्टी, मांडीवर डबा. पुढच्या रांगेतल्या माणसांसारखीच तीही पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत होती. तिच्याकडे टोकन नव्हतं.

ती ताईच्या शेजारी जाऊन बसली. बाळ छातीशी बांधलेलं होतं.

"ताई, मी इथे कशी आले ते विचारू नकोस. मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग."

ताईने मान हलवली.

"पैसे रोख कुणी घेतले नव्हते. जुन्या कार्डाचं देणं फक्त सरकवलं होतं. म्हणजे ज्याने केलं त्याच्याकडे आधीपासून कार्ड हवं. म्हणून भाऊजी सुटले. त्यांना कुणी कार्ड दिलंच नाही."

"बरं."

"सुरक्षेच्या प्रश्नाला उत्तर कासव होतं. ते नवऱ्याला माहीत नाही. म्हणून तोही सुटला."

"दुसरं काही सुचलं नाही," ताई म्हणाली. "रात्रीची वेळ. तू झोपली होतीस. तुझा फोन माझ्या हातात होता. कुत्रा लिहिलं असतं तरी चाललं असतं."

"आणि चोर महिन्याच्या महिन्याला पैसे भरत होता, मुदतीच्या आधी. मला ओझं होऊ नये म्हणून. असं कोण करतं आपल्याकडे?" तिने श्वास घेतला. "मग नोकरी गेली. सहा महिने संपले, पुढचं कार्ड मिळेना, व्याज सुरू झालं. काल मी सगळं सांगितलं तेव्हा तू 'मी बघते' म्हणाली नाहीस. आयुष्यात पहिल्यांदा. ते मी ऐकलं, पण माझ्या लक्षात आलं नाही."

पडद्यावर नवा आकडा आला. पुढच्या रांगेतला म्हातारा उठून खिडकीकडे गेला.

"आईचं बिल होतं ना ते?"

"आधी ते एका कार्डावर होतं," ताई म्हणाली. आवाज अगदी सपाट होता, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय. "मग दुसऱ्यावर टाकलं, मग तिसऱ्यावर. या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात. कमी होत नव्हतं, पण सांडतही नव्हतं. चौथ्या बँकेने नाही म्हटलं. मुदत संपायला आठवडा होता आणि तुला कळा सुरू झाल्या. तुझं नाव कोरं होतं, छोटी. कुठे एक डाग नाही. सहा महिन्यांत काढून घेईन म्हटलं. तुला कळणारही नाही."

"मला सांगायचं."

"तू ओली बाळंतीण. आणि आईला मी शब्द दिला होता, पैशांची काळजी करू नकोस म्हणून. एकदा म्हटलं ना की मी बघते, की मग लोक बघायचं सोडतात. चांगलं असतं ते. हलकं वाटतं त्यांना."

"किती दिवस इथे येऊन बसणार होतीस?"

"माहीत नाही. घरी बसलं की शेजारी विचारतात. इथे सगळेच वाट बघत असतात." तिने डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. "तक्रार कर. नाव दे माझं. खरंच सांगते, राग नाही यायचा. मला हल्ली काहीच येत नाही."

त्या वाक्याने मात्र तिच्या छातीतला कापूस हलला. हेच वाक्य ती स्वतः कित्येक महिने मनात म्हणत होती. एका आईच्या दोन मुली, दोन घरांत, सारख्याच बधिर. आणि दोघींनी एकमेकींना विचारलं होतं ते फक्त, पिल्लू झोपलंय का.

तिने बाळाची पट्टी सोडवली आणि बाळ ताईच्या मांडीवर ठेवलं.

"अगं, चोराकडे पोर देतेस?"

"तक्रार मी करणार नाही. देणं माझ्या नावावर आहे, ते राहू दे. बँकेत आपण दोघी जाऊ, व्याज थांबवून हप्ते बांधून मागू. नवऱ्याशी मी बोलते. त्याची माफीही मागायचीय. तुझी ती पट्टी काढ आता गळ्यातली. आणि रोज सकाळी आमच्याकडे यायचं. भाऊजींना बाळ सांभाळता येतं, पण दूध गरम करता येत नाही."

ताईने पट्टी काढली नाही. तिचे दोन्ही हात बाळाने धरले होते. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले, आधी जरासे, मग जोरात. पुढच्या रांगेतल्या बाईने मागे वळून पाहिलं आणि काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

आता तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याही घरात कुणी असेल, बिल आलं की हात आधी पुढे करणारं, प्रत्येक अडचणीला "मी बघतो", "मी बघते" म्हणणारं. आज त्याच्याकडे जा. कसं काय चाललंय, असं विचारू नका, त्याचं उत्तर तयारच असतं. न कळवता, कामाच्या वेळी जा. जिथे असायला हवं तिथे ते माणूस आहे का, तेवढं बघून या.