सहा कुप्यांची ऊब

मिस्त्रीची पुतणी खिंडीपलीकडच्या वस्तीत शाळेवर शिकवत होती. तिला रोज इन्सुलिन टोचून घ्यावं लागे. बर्फाचा कडा कोसळून रस्ता बंद झाला आणि तिचा निरोप आला, "उद्या सकाळपुरतं आहे." म्हणून पहाटेच तिघं पायी निघाली. फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री, मुलीची आई म्हणजे त्याची वहिनी, आणि ती वाट डोळे मिटून चालणारा टपालवाला.

औषध सहा कुप्यांत होतं. ते तापलं तर बिघडतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गोठलं तर सरळ फेकून द्यावं लागतं, हे औषधांच्या दुकानात कळलं आणि मिस्त्रीची कळी खुलली. जन्मभर त्याने पेटीतली उष्णता बाहेर काढली होती, आता ती आत राखायची होती. त्याने जाड थर्मोकोलची पेटी घेतली, कुप्यांभोवती कोमट पाण्याच्या पिशव्या रचल्या, मधे तापमापक ठेवला आणि पेटी स्वतःच्याच पाठीवर घेतली. माणूस मोठा गुणी. लोकांच्या मदतीला धावून जाई. पण स्वतःला कोणी मदत केली, तर त्याला अपमान झाल्यासारखं वाटे.

"थंडी म्हणून काही वस्तूच नसते, वहिनी," पहिल्या चढालाच त्याने सुरुवात केली. "उष्णता गरमाकडून गाराकडे निघून जाते, एवढंच. मागे उरतं त्याला आपण थंडी म्हणतो."

"मग माझ्या बोटांतली कुठे गेली, तेवढं विचारून या," वहिनी म्हणाली. तिचं इस्त्रीचं दुकान होतं. उष्णतेशी तिचा संबंध दिरापेक्षा जुना, फक्त त्यावर बोलायची हौस तिला नव्हती.

झाडं मागे पडली. वर नुसता पांढरा उतार, त्यावर वाऱ्याने ओढलेल्या रेघा, आणि खाली दरीत कापसासारखं साचलेलं धुकं. दर विसाव्याला मिस्त्री पेटी उतरवी, झाकण उघडी आणि आकडा वाची. अठरा. मग तेरा. मग आठ.

"पेटी कुठेतरी गळतेय," तो चिंतेने म्हणाला आणि पुन्हा झाकणाला हात घातला.

वहिनीने तो हात धरला. "भावजी, गिऱ्हाइकाने फ्रिज दोनदा उघडला की तुम्ही त्याला अर्धा तास सुनावता. आणि आता स्वतः काय करताय? आतली ऊब वाटेवर वाटत सुटलाय."

टपालवाल्याने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. मिस्त्रीचे कान लाल झाले. त्याने झाकण गच्च दाबलं आणि पट्टा आवळला.

खिंडीच्या अलीकडे गोठलेला ओढा होता. टपालवाला काठी आपटत पलीकडे गेला. वहिनी गेली. मिस्त्री मधोमध आला आणि पायाखाली कडकन आवाज झाला. बर्फ फुटला! तो कमरेपर्यंत आत गेला. पाठीची पेटी पाण्यावर आदळली. टपालवाल्याने काठी पुढे केली, वहिनीने पालथं पडून त्याची कॉलर पकडली. ओढा! आणखी! तो बाहेर आला. पेटी आली, पण तिचा तळ तडकला होता आणि आत पाणी शिरलं होतं.

शंभर पावलांवर टपालवाल्यांची दगडी खोली होती. चूल होती, सरपण नव्हतं. तापमापक दोनवर आला होता. कुप्या अजून द्रव होत्या.

"माझ्या थर्मासात एक पेला उकळता चहा आहे," टपालवाला म्हणाला. "ओतू पेटीत?"

"नको," मिस्त्रीचे दात वाजत होते. "तो कढत आहे खरा, पण आहे केवढा? एका पेल्यात उष्णता ती किती मावणार? घटकाभरात गार होईल. त्यापेक्षा आपण तिघं बघा. कढत नाही, नुसते कोमट. पण केवढे मोठे, आणि आतून सारखे तापत राहणारे. पेटी इथेच सोडा. कुप्या अंगावर घ्या, अगदी कातडीला लावू नका, बनियन आणि स्वेटरच्या मधे. दोन-दोन वाटून."

वहिनीने सहाही कुप्या उचलल्या. तीन स्वतः घेतल्या, तीन टपालवाल्याला दिल्या.

"माझ्या?"

"तुमच्याकडे द्यायला ऊब कुठे उरलीय, भावजी? चहा प्या."

तो काही बोलणार होता, पण जीभच वळेना. तेव्हा त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. वहिनीने त्याचे ओले कपडे ओरबाडून काढले, आपली शाल त्याच्या पायांना गुंडाळली. टपालवाल्याने आपली जादा विजार त्यावर चढवली आणि मग खांद्यावरच्या टपालाच्या थैलीचं तोंड सोडलं.

"पत्रं?" मिस्त्री पुटपुटला.

"कागदात हवा अडकते, आणि अडकलेली हवा ऊब जाऊ देत नाही. हे आम्हाला शाळेत नाही शिकवलं, थैलीवर डोकं ठेवून झोपताना कळलं." लिफाफे, मासिकं, नोटिसा, सगळं त्याने मिस्त्रीच्या सदऱ्यात कोंबलं. "पत्ते आतल्या बाजूला वळवलेत. वाचायचे नाहीत, हं."

वारा सुटला. तिघं खांद्याला खांदा लावून निघाली, मिस्त्री मधे. एक पाऊल. आणखी एक. त्याच्या अंगावर कागद करकरत होते आणि दोन्ही बाजूंनी दोन माणसं त्याच्यासाठी तापत होती. या वेळी मात्र त्याने सिद्धान्त सांगितला नाही. तो नुसता त्यांना चिकटून चालला.

दिवस मावळायच्या आत वस्तीची धुराडी दिसली!

पुतणी दारात उभी होती. आईने स्वेटरमध्ये हात घालून कुप्या तिच्या ओंजळीत ठेवल्या, टपालवाल्याने आपल्या तीन वर ठेवल्या. मुलीने एकेक उजेडात धरली. सहाच्या सहा नितळ होत्या, एकीतही बर्फ नव्हता. मग ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली.

शाळेच्या शेगडीपुढे मिस्त्रीच्या सदऱ्यातून टपाल निघू लागलं. वस्तीतली माणसं ओळीने उभी. एका म्हातारीने लेकाचं चुरगळलेलं पत्र घेतलं आणि गालाला लावलं.

"अगंबाई, गरम आहे की."

"तुमच्या पत्रानेच मला आणलंय, आजी," मिस्त्री म्हणाला. मग त्याने वहिनीकडे पाहिलं, टपालवाल्याकडे पाहिलं, आणि जन्मात कोणाला जोडले नव्हते ते दोन्ही हात त्याने जोडले.

"बसा आता शेगडीशी," वहिनी डोळे पुसत म्हणाली, "आणि घ्या मिळतेय तेवढी ऊब."