देवीच्या वाटीतला केस

दारावर दुसऱ्यांदा थाप पडली आणि न्हाणीघराच्या जाळीवर वाकलेल्या युन्सुलनं मूठ गच्च मिटली. मुठीत तिचे स्वतःचेच केस होते... ओले, लांब, आणि कालच्यापेक्षाही जास्त!

"सूनबाई, आत काय मोती शोधते आहेस? उजाडायच्या आत देवीचं ताट मांडायचंय. पोरीचा शंभरावा दिवस काय दर महिन्याला येतो?"

"आले, आई!"

तिनं तो गोळा बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत खोल कोंबला, डोक्यावर रुमाल ओढला आणि आरशाकडे न बघताच बाहेर आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ही मूठ ती बारा दिवस झाकत होती आणि आता ती झाकता झाकेना झाली होती. उशीवर केस, ताटात केस, तान्ह्या दाओनच्या इवल्या बोटांत गुरफटलेले केस! कानशिलांवर तर कातडी दिसायला लागली होती. जिना चढताना दम लागे, भर उन्हात थंडी वाजे.

युन्सुल नऊ वर्षांची होती तेव्हा तिनं नेमकं हेच पाहिलं होतं. आधी आईच्या उशीवर केस... मग आईच्या डोक्याला रुमाल... मग दवाखाना... आणि एका सकाळी पांढऱ्या शेवंतीच्या फुलांमध्ये आईचा फोटो! त्या आजाराचं नावसुद्धा घरात कुणी तिच्यापुढे काढलं नाही. त्या कोवळ्या मनानं मग आपली आपणच समजूत करून घेतली, की केस जातात आणि त्यांच्या मागोमाग आई जाते.

आता आपली पाळी आली, याबद्दल तिला तिळमात्र शंका उरली नव्हती. आणि या वेड्या मुलीनं काय करावं? नवऱ्याला सांगावं, डॉक्टरला दाखवावं? छे! तिनं ठरवलं, की दाओनला आपला चेहराच ओळखीचा होऊ द्यायचा नाही. ओळखच नसेल तर आई गेल्यावर पोर कुणाला शोधणार? ती बाळाला पाठमोरं मांडीवर घेई, तोंडात बाटली देई आणि स्वतः भिंतीकडे बघत बसे. छातीत दूध दाटून येई, तेव्हा ओठ चावून गप्प राही. आपल्या हातांनी आपलं काळीज कापण्याचाच तो प्रकार होता!

सासूबाईंना, माल्सूनबाईंना, यातलं काय दिसत होतं? लेकीला छातीशी न धरणारी आई! त्या वान्दोपलीकडच्या बेटावरून मोक्पो शहरात मुलाकडे आल्या होत्या त्या समुद्री शेवाळाच्या लांबलचक जुड्या घेऊन. बाळंतिणीचं शेवाळ मोडायचं नाही, घडी घालायची नाही, म्हणून म्हातारीनं पुरुषभर उंचीची ती जुडी बोटीत आणि बसमध्ये उभी धरून आणली होती. शंभर दिवस, तिन्ही त्रिकाळ, सुनेपुढे त्या शेवाळाच्या साराचं मोठं वाडगं! माया हातात होती. जिभेवर मात्र कायम मिरची.

"आईविना वाढलेली पोर," त्या आपल्या नणंदेला फोनवर सांगत. "हिला माया शिकवणार कोण?"

युन्सुल हे ऐके आणि सार संपवी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

बाहेरच्या खोलीत पूर्वेकडे ताट मांडलं होतं. बाळंतपण राखणाऱ्या देवीसाठी, सामसिन आजीसाठी, भात, सार आणि स्वच्छ पाणी. युन्सुलचा नवरा थेसॉक जांभई दाबत उभा होता, त्याची आत्या, म्हणजे सासूबाईंची नणंद, दाओनला घेऊन बसली होती. शेजारी एक कात्री होती, बाळाचं जावळ कापायला. सासूबाईंनी हात चोळून डोळे मिटले.

"आजी, पोरीला ताप नको, पडसं नको... नदीसारखं लांब आयुष्य दे तिला..."

त्यांनी डोळे उघडले आणि त्यांची नजर साराच्या वाटीवर खिळली. चिमटीनं त्यांनी काहीतरी वर ओढलं. ओढतच राहिल्या. हातभर लांब, काळाभोर केस!

"देवीच्या वाटीत!" त्यांचा आवाज फाटला. "वन्सं, बघितलंत? शंभराव्या दिवशी, देवीच्या वाटीत!"

"वहिनी, जाऊ दे, चुकून..."

"चुकून? बारा दिवस भातात केस, भाजीत केस! मी गिळले, बोलले नाही. घरातल्या घरात रुमाल बांधून हिंडते, मला वाटलं निदान आज तरी नीट बांधला असेल! पोरीकडे बघायचं नाही, देवीकडे बघायचं नाही, बघतेस तरी कशाकडे गं तू?"

"आई, पुरे!" थेसॉक पुढे आला. पण सासूबाईंचा हात त्याच्याआधी पोचला होता. रुमाल खाली आला.

कानशिलांवरची ती उजाड कातडी, मधल्या भांगाची रुंद पांढरी वाट... युन्सुलनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मग, इतक्या दिवसांचा बांध फुटावा तशी ती खाली बसली.

"घ्या... आता तुम्हीच घ्या तिला, आई! ती तुमच्याकडे राहील. मी तिला बाटलीची सवय लावलीय... माझा चेहरासुद्धा नीट पाहू दिला नाही मी तिला! मी गेल्यावर ती रडू नये, म्हणून..."

"गेल्यावर? कुठे गेल्यावर?"

"माझी आई गेली तिथे! तिचेही असेच केस गेले होते..."

सासूबाईंच्या हातातला रुमाल गळून पडला. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता आणि त्या जागी भय होतं, खरंखुरं भय.

"अगं बाई..." त्या हळूच म्हणाल्या. "मूल आईचा चेहरा ओळखायला लागलं, की आईचे केस गळतात. बेटावरच्या शेंबड्या पोरींनासुद्धा ठाऊक असतं हे. माझे गळले, वन्संचे गळले... तुला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार होतं, आई?"

शंभर दिवस ही बाई त्या पोरीला तीन वेळा जेवू घालत होती, घालूनपाडून बोलत होती, आणि जे दोन शब्द कोणतीही आई लेकीला सहज सांगते ते सांगायचं मात्र तिला सुचलं नव्हतं!

"थेसॉक, गाडी काढ," त्या ताडकन उठल्या. "म्हण म्हणीच्या जागी. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय माझा जीव खाली पडायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी दुपारी रक्ताचे कागद पाहिले, युन्सुलच्या आईचीही सगळी हकिगत विचारून घेतली. "केस आजारानं नसतील गेले हो, त्यावरच्या कडक औषधांनी गेले असतील. तुमचं वेगळं आहे. गरोदरपणी जे केस गळायचे राहिले, ते आता एकदम गळताहेत. आणखी दोनेक महिने गळतील, वर्षभरात बहुतेक परत येतील. पण लोह कमी पडलंय, आणि थायरॉईड मंद झालीय. आहारात काय असतं?"

"शेवाळाचं सार," सासूबाई अभिमानानं म्हणाल्या. "तीन वेळा. शंभर दिवस. एक दिवस खंड नाही!"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "आजी, शेवाळात आयोडीन असतं, आणि एवढं झेपत नाही. थायरॉईड त्यानंच मंदावली असेल. आठवड्यात एखादं वाडगं पुरे. अंडी द्या, मांस द्या, डाळी द्या. मी गोळ्या देते, महिन्यानं परत तपासू. केस ओढून बांधू नका आणि धुवायला भिऊ नका. जायचे ते कसेही जाणारच."

घरी आल्यावर सासूबाईंनी कोपऱ्यातली उरलेली जुडी उचलली, जी बेटापासून इथवर वाकू दिली नव्हती ती, आणि गुडघ्यावर धरून कडाकडा मोडली.

"शेजारपाजारी वाटून टाका," त्या नणंदेला म्हणाल्या, आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागल्या. "मायेनं विष घातलं मी पोरीला!"

"नाही हो, आई," युन्सुल त्यांचे खरखरीत हात धरत म्हणाली. "इतकं मायेनं मला कुणी जेवूच घातलं नव्हतं."

सकाळची कात्री तशीच पडली होती. सासूबाईंनी आधी दाओनचं जावळ कापलं आणि मग युन्सुलला पुढ्यात बसवलं. "आखूड केले की कमी गळल्यासारखे दिसतात. बस सरळ. अख्ख्या बेटाचे केस कापलेत मी."

कात्री कचकचत राहिली. आत्याच्या मांडीवरची दाओन मात्र किरकिरायला लागली. बाटली दिली, ती तिनं थुंकून टाकली. आजीनं कात्री ठेवून घेतलं, तर पाठ ताणून टाहो फोडला. शेवटी पोर आईच्या मांडीवर आली. युन्सुलचा हात सवयीनं तिला पाठमोरी वळवायला गेला... आणि थांबला. बारा दिवसांत पहिल्यांदाच तिनं लेकीला समोर तोंड करून धरलं.

रडणं तोडल्यासारखं थांबलं. ओले डोळे आईच्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून फिरले. मग दाओननं हात वर केला, कानशिलावर उरलेली बट धरली आणि खुदकन हसली. मुठीत चार केस आले.

युन्सुल दचकली नाही. "आई," ती रडत रडत हसली, "हिनं तर मला केव्हाच ओळखलं होतं!"

"मग! केस काय उगाच गळत होते?" सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बाळाच्या मुठीतला एकेक केस अलगद सोडवून घेतला.