टग्याची आई

धुकं इतकं दाट होतं की मैदानाच्या कडेचे दिवे नुसतेच हवेत टांगल्यासारखे दिसत होते, आणि टग्या त्या धुक्यात कुठेतरी पसार झाला होता.

"टग्या! ए टग्या, ये बघू इक—"

पुढचं अक्षर बाहेर पडलंच नाही. घशात कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा आवाज मध्येच बंद झाला. तिने मफलर गळ्याशी ओढला, घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारून पाहिली. या वेळी जे काही निघालं ते ऐकून तिची तिलाच लाज वाटली.

"अहो, एक कान दुमडलेला, अंगाने तपकिरी आणि चेहऱ्यावर जगातला सगळा साळसूदपणा... हा ऐवज तुमचाच का?"

धुक्यातून आधी एक पांढरा कुत्रा आला, मग टग्या, आणि दोघांच्या मागून एक उंच माणूस. त्याच्या स्वेटरच्या बाह्यांना पीठ लागलं होतं आणि अंगाला ताज्या पावाचा वास येत होता. भल्या सकाळी, लोकांच्या पोटात कावळे ओरडत असताना, असा वास घेऊन हिंडणं म्हणजे शुद्ध छळ आहे, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"माझाच. काही त्रास दिला का त्याने?"

उत्तर द्यायचं सोडून तो तिच्याकडे बघतच राहिला. मग एकदम म्हणाला, "तुम्ही... फलाट क्रमांक चार!"

"काय?"

"'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी...' त्या तुम्हीच ना? माझी बेकरी बसस्थानकासमोर आहे. दिवसभर तुम्हाला ऐकत ऐकत पाव भाजतो मी."

तिला हसू आलं. इतक्या वर्षांत आवाजावरून तिला ओळखणारा हा पहिलाच माणूस. स्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून ती अख्ख्या गावाला गाड्यांच्या वेळा सांगायची, पण काचेआड कोण बसलंय हे बघायला कोणाला सवड होती? लोक मान वर न करताच धावत सुटायचे. आई गेल्यापासून घरीही बोलायला टग्याशिवाय कोणी नव्हतं. दूरच्या शहरातला भाऊ फोन करायचा, पण "सगळं ठीक ना?" असं विचारतानाच त्याला फोन ठेवायची घाई असायची.

बेकरीवाल्याने खिशातून कागदात गुंडाळलेला छोटा पाव काढून टग्यापुढे धरला.

"अं हं," ती म्हणाली. "तो दुसऱ्या कोणाच्याही हातचं खात नाही."

आणि खरंच, टग्याने मान अशी काही फिरवली की राजेमहाराजांनी बघत राहावं.

"पिल्लू होता तेव्हाच शिकवलंय मी त्याला. मला घरी यायला कितीही उशीर होवो, मी येईपर्यंत उपाशी बसून राहतो." हे सांगताना तिच्या त्या फाटक्या आवाजातही केवढा तरी तोरा होता.

बेकरीवाल्याने टग्याकडे पाहिलं. टग्याने त्याच्याकडे पाहिलं.

"वा," बेकरीवाला म्हणाला. "फारच एकनिष्ठ दिसतोय."

त्या मैदानावर कुत्री फिरवणाऱ्यांची एक छोटीशी टोळी होती, आणि तिथे माणसांना नावं नव्हती. नावं होती ती कुत्र्यांना. पोस्टातून निवृत्त झालेले, कानटोपी घालणारे ते राणीचे आजोबा. पार्लर चालवणाऱ्या, दोन बुटक्या कुत्र्यांना घेऊन तरातरा चालणाऱ्या बाई म्हणजे जुळ्यांची मावशी. बेकरीवाला नव्याने आला तो आपल्या पांढऱ्या कुत्र्यामुळे पिठ्याचे बाबा झाला. आणि ती अर्थातच टग्याची आई. हे नाव तिला मनापासून आवडायचं, कारण दिवसभरात तिला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारतच नव्हतं.

थंडी वाढत गेली. टग्याला मोकळा सोडून ती मैदानाला फेऱ्या घालायची आणि दमली की कडेच्या बाकावर येऊन टेकायची. मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बेकरीवाला येऊन बसायचा. पहिल्या दिवशी त्याने एक गरम पाव कागदासकट तिच्या हातात ठेवला.

"मी सकाळी खात नाही," ती म्हणाली.

"खा कोण म्हणतंय? हात शेकायला दिलाय. गार झाला की परत करा."

"मग त्या पावाचं काय करता?"

"मी खातो. तुमच्या हातचा म्हणून."

ती खाली बघून मफलर सारखा करू लागली. गाल कशाने तापले, पावाने की आणखी कशाने, हे तिने स्वतःला विचारलंच नाही.

पण बहुतेक दिवस ती दोघं काही बोलायचीच नाहीत. दिवसभर बोलणं हीच जिची नोकरी, तिला गप्प बसायला मिळणं म्हणजे केवढी चैन! त्याला ते न सांगता कळलं होतं. तो नुसता बसायचा, पिठ्याच्या पाठीवरून हात फिरवत, समोरचं धुकं विरळ होताना बघत.

घशाचं दुखणं मात्र लपेना. मावशीने एका सकाळी सरळ तिचा मफलर बाजूला केला. लोकांच्या माना रोज न्याहाळणाऱ्या त्या बाईपासून काय लपणार?

"ही गाठ कधीपासून आहे गं?"

"दाखवलीय डॉक्टरांना. काढायला सांगितलीय."

"मग?"

"मग... टग्याला कोणाकडे ठेवू, मावशी? हॉस्पिटलात राहावं लागेल. तो तर माझ्याशिवाय पाण्यालाही तोंड लावत नाही. मी परत येईपर्यंत मरेल तो."

आजोबांनी कानटोपी उगाचच खाली ओढली. मावशी जुळ्यांच्या पट्ट्यांचा गुंता सोडवू लागली, जो मुळात झालेलाच नव्हता. बेकरीवाला तेवढा तिच्याकडे बघत होता.

"डॉक्टर काय म्हणाले?" त्याने विचारलं. "किती थांबलं तर चालेल?"

"थांबू नका म्हणाले."

"आणि आवाजाचं?"

ती दचकली. हे तर तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. "बहुतेक काही होणार नाही, म्हणाले."

ते 'बहुतेक' तिच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आवाज गेला तर नोकरी गेली. नोकरी गेली तर काचेच्या खोलीतली ती खुर्चीही गेली, आणि मग या गावात ती आहे याची खूण तरी काय उरणार? पण असं काही बोलायची तिला सवय नव्हती. त्यापेक्षा टग्याचं नाव पुढे करणं सोपं होतं.

असे बरेच दिवस गेले. टोळीतला प्रत्येक जण टग्याला सांभाळायला तयार होता, आणि ती प्रत्येकाला तेच ऐकवत होती. आवाज दिवसेंदिवस बसत चालला होता. समोर बेकरीत उभ्या असलेल्या माणसाला ते रोज ऐकू येत होतं.

शेवटी एका सकाळी ती बाकावर येऊन टेकली, तसा तो उठून उभा राहिला. त्याने खिशातून पाव काढला.

"टग्या, बस," तो म्हणाला.

टग्याने तिच्याकडे एकवार चोरून पाहिलं.

"बस म्हटलं ना. घे."

आणि टग्याने तो पाव तिच्या डोळ्यांदेखत दोन घासांत फस्त केला. वर जिभल्या चाटल्या, शेपटी हलवली आणि दुसरा पाव कुठल्या खिशात आहे तेही नाकाने नेमकं दाखवून दिलं.

ती बघतच राहिली. "हे... कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही धुक्यात हाका मारत होतात ना, तेव्हा त्याच्या तोंडात माझाच पाव होता. म्हणून ओ देता आली नाही त्याला."

"आणि बाकीचे?"

आजोबा घसा साफ करत म्हणाले, "मी आपलं एखादं बिस्किट..."

"मी उकडलेलं अंडं," मावशी पुटपुटली. "अर्धंच गं. पिवळं काढून."

"म्हणजे तुम्ही सगळे मला हसत होतात?"

"कोणी हसत नव्हतं," बेकरीवाला म्हणाला. "तुम्ही इतक्या कौतुकाने सांगायचात... आम्हाला तुमचं मन मोडवेना. पण आता तुम्ही त्याच्या नावावर स्वतःचा जीव टांगणीला लावलाय. ते मला बघवत नाही."

"तुम्हाला कोणी बघायला सांगितलंय?"

तिने टग्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि त्याला ओढतच ती मैदानाबाहेर पडली. टग्या वळून वळून मागे बघत होता. त्याचाही तिला राग आला.

त्यानंतर ती मैदानावर फिरकलीच नाही. सकाळी घराच्या मागच्या गल्लीतून टग्याला फिरवून आणायची. संध्याकाळी घरी आली की भांड्यात जेवण वाढायची आणि तो खात असताना भिंतीला टेकून त्याच्याकडे बघत बसायची. तिला खरं काय लागलं होतं? कुत्र्याने पाव खाल्ला, एवढंच ना? पण आपण घरी परतलो नाही तर ज्याचं अडेल असा एक तरी जीव या जगात आहे, या एका गोष्टीवर तिने किती संध्याकाळी काढल्या होत्या. तीही गोष्ट खोटी निघाली. खोली एकदम मोठी वाटू लागली होती, आणि गारही.

मग एके दुपारी स्थानकावर तिने बटण दाबलं, "प्रवाशांनी कृपया—" म्हणाली, आणि आवाज थांबला. घोटभर पाणी पिऊन तिने पुन्हा सुरुवात केली. नुसती घरघर आली, आणि ती सगळ्या कर्ण्यांतून सगळ्या फलाटांवर पसरली. खाली लोक चालता चालता थबकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मान वर करून काचेकडे पाहिलं. ती घाईघाईने खुर्चीतून उठली.

खाली जिन्याशी तो उभा होता. अंगात एप्रन, हाताला ओलं पीठ तसंच. भर रस्ता ओलांडून धावत आला होता बहुधा, कारण त्याला धाप लागली होती.

"भट्टी पेटती टाकून आलात?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"पेटती. जळू दे."

"मूर्ख आहात."

"तेही खरं."

तिचे डोळे भरून आले. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. एवढं साधं वाक्य, पण ते तिने आजवर कोणाजवळ म्हटलं नव्हतं. "टग्याचं काही नाही. माझंच मला भय वाटतंय. उठले आणि आवाजच नसला तर? उठलेच नाही तर कोणाला काय फरक पडणार आहे?"

एप्रनला हात पुसून त्याने तिची पिशवी घेतली.

"आधी डॉक्टरांकडे जाऊ," तो म्हणाला. "फरकाचं मी नंतर सांगतो. इथे जिन्यात सांगण्यासारखं नाही ते."

ऑपरेशन झालं. आदल्या दिवशी टग्या आपला कटोरा तोंडात धरून, काडीचाही संकोच न करता, पिठ्याच्या घरी राहायला गेला. तो गेला म्हणून ती थोडी रडली, आणि एवढ्या खुशीत गेला म्हणून थोडी हसलीही.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेला टोळी हॉस्पिटलात दाखल झाली. तिला बोलायची सक्त मनाई होती, त्यामुळे तिच्या वाटचंही मावशीच बोलत होती. बोलता बोलता मावशीने तिचे केस विंचरून वेणीही घातली. गाठ साधी निघाली होती. आवाज हळूहळू परत येईल, पण पूर्वीसारखा येईल की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आजोबा राणीच्या पोटदुखीची हकीगत रंगवून सांगायला बसले, तेव्हा मावशीने त्यांची बाही ओढली.

"चला हो. तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही."

दार लागलं. बेकरीवाला पलंगाशेजारच्या स्टुलावर अवघडून बसला होता. आज त्याच्या स्वेटरला पीठ नव्हतं. केसही नीट बसवलेले होते, आणि त्यामुळे तो भलताच वेगळा दिसत होता.

"टग्या मजेत आहे," तो म्हणाला. "काल माझ्या उशीवर झोपला. मी खाली."

ती हसली. मग हसू ओसरलं. तिने पट्टी बांधलेल्या गळ्याकडे बोट दाखवलं आणि हात हवेत उलटा केला. नाही आला तर?

"नाही आला तर स्थानकावर दुसरं कोणीतरी बोलेल. तुम्हाला दुसरं काम शोधावं लागेल, आणि ते सोपं नाही, मला माहितीय. तिथे मी खोटा धीर देणार नाही. पण..." तो थांबला. हाताची बोटं एकमेकांत अडकवून त्याने पुन्हा सोडवली. "पण फरकाचं सांगायचं राहिलंय. आज सांगून टाकतो. आज तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही."

तिने भुवया उंचावल्या.

"तुमचा आवाज सगळ्या गावाला फुकट ऐकू येतो. मला नुसता तोच हवा असता तर मी आपला भट्टीपाशी ऊब घेत बसलो असतो. अशा थंडीत कुडकुडत मैदानावर कशाला आलो असतो? त्या बाकावर तुम्ही गप्प बसता ना... तसं माझ्याजवळ आजवर कोणी बसलं नाही. तुम्ही यायच्या थांबलात, तेव्हा मी तिथे एकटा बसून पाहिलं. नाही जमलं. नुसता बाक होता तो." त्याने मान वर केली. "आवाज येवो न येवो. मला तुमच्याजवळ गप्प बसायचंय. रोज. म्हातारे होईपर्यंत. चालेल?"

खिडकीतून हिवाळ्यातलं मऊ ऊन तिच्या पांघरुणावर आलं होतं. सलाईनचा हात सांभाळत ती भिंतीकडे थोडी सरकली, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तिने हलकेच थोपटलं.

"नर्स ओरडेल," तो म्हणाला.

तिने पुन्हा थोपटलं.

तो उठून पलंगाच्या अगदी टोकावर टेकला. तिने त्याची बाही धरून त्याला जवळ ओढलं, आणि मग दोघंही गप्प बसली.