डावीकडचा ब्रेक

"मॅडम, तुमची गाडी खोटं बोलते," मागच्या सीटवरून उतरता उतरता नौशाद मुजावर म्हणाला.

वाहन-सुरक्षा प्रयोगशाळेच्या तपासणी कक्षात डॉ. हेमलता कर्णिकांनी आपली गाडी नुकतीच आणून उभी केली होती. गाड्या बोलायला लागल्यापासून सरकारने त्यांच्या बोलण्याचीही तपासणी सक्तीची केली होती. मालकाने रोजच्या रस्त्यावर गाडी चालवायची, तपासनीसाने मागे बसून प्रत्येक सूचना ऐकायची. खरी असेल ती राहू द्यायची, खोटी असेल ती पुसायची. नौशाद हेच काम करायचा, आणि ते त्याला शिकवलं होतं खुद्द हेमलताबाईंनी. आज मात्र गुरूच परीक्षेला बसला होता.

"कुठे बोलली खोटं?" बाईंनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"जुन्या जकात नाक्यापाशी. जाताना ठक-ठक, वळसा घालून पुन्हा गेलो तेव्हाही ठक-ठक. रस्ता सरळ, चौपदरी. ना शाळा, ना उतार, ना कुत्रं. कॅमेऱ्यांना काही दिसत नाही आणि ही आपली जिवाच्या आकांताने ठोकतेय!"

डावीकडच्या सीटवर भाजीची पिशवी होती. पिशवीत दुधी होता म्हणून गाडीने तिलाही माणूस समजून पट्ट्यासाठी कावकाव केली होती आणि बाईंनी मुकाट्याने दुधीला पट्टा बांधला होता. तो त्यांनी आता सोडला.

आता गाडी म्हटली की ती किरकिर करायचीच, त्यात नवल नाही. जांभई दिली की चहाच्या कपाचं चित्र दाखवून विश्रांती घ्यायला सांगते. फाटकाशी हरळी जरा वाढली की भिंत आली म्हणून बोंब मारते. सिग्नलला पुढची गाडी हलली आणि आपण दोन क्षण रेंगाळलो, की गोड आवाजात "पुढचा रस्ता मोकळा आहे" म्हणून हाकलते. त्या वाक्यावर दिगंबरराव दर वेळी चिडायचे. "मोकळा आहे ते दिसतंय गं बाई, जरा दम धर," असं ते गाडीला सांगायचे. दिगंबरराव म्हणजे हेमलताबाईंचे यजमान. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

दिगंबररावांना गाडी चालवता येत नव्हती. जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधन केलं. चूक छापून यायच्या आधी पकडायची, हा त्यांचा धंदा. लग्नानंतर हेमलताबाई गाडी चालवायला शिकल्या आणि हे डावीकडे बसायला शिकले. बसायला म्हणजे काय, तर डाव्या हाताने वरची कडी धरायची, डोळे रस्त्यावर खिळवायचे, आणि जरा कुठे काही दिसलं की "अगं, अगं, अगं!" करत उजवा पाय पायपुसण्यावर दाबायचा, जणू तिथे ब्रेकच आहे. तिथल्या पायपुसण्याला भोक पडलं होतं. बाई हसून म्हणायच्या, "अहो, तुमचा ब्रेक कुठेच जोडलेला नाही!"

"म्हणूनच बोलतो ना मी," ते म्हणायचे. "मला चालवता येत नाही, पण थांबवता येतं. चालवणारे पैशाला पासरी मिळतात, हेमा. थांबवणारं माणूस लागतं."

थट्टेतली थट्टा, पण बाई पडल्या शास्त्रज्ञ. त्यांनी एकदा सहज मोजमाप केलं आणि थक्क झाल्या. डावीकडच्या गल्लीतून घुसणारी दुचाकी, दोन रिक्षांच्या फटीतून निघणारं पोर, हे सगळं यंत्रणेच्या कॅमेऱ्याआधी यजमानांच्या पायाला कळत होतं. चालवणाऱ्याला हजार व्यवधानं असतात. शेजारच्याला एकच असतं, भीती! मग त्या भीतीलाच कामाला का लावू नये? त्यातून जन्मली सहप्रवासी-बोध यंत्रणा. प्रयोगशाळेत तिला सगळे 'उसना पाय' म्हणत. शेजारच्या माणसाच्या पायाखाली दाबमापक बसवायचा. तो कुठे, केव्हा, किती दचकतो ते गाडीने शिकायचं. आणि पुढे तो शेजारी नसला तरी त्या त्या जागी चालकाला आधी सावध करायचं. पिपाणीला लोक शिव्या देतात, म्हणून आवाज ठेवला डावीकडच्या तळातून येणारा, पायाने ठोकल्यासारखा. ठक-ठक.

यजमान गेल्यावर बाई पहिल्यांदा एकट्या गाडी घेऊन निघाल्या आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर डावीकडून ठक-ठक आलं. बाईंनी गाडी कडेला घेतली आणि ओक्साबोक्शी रडल्या. त्या दिवसापासून त्या मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायच्या. टाकीचं वळण, शाळेची भिंत, मंगल कार्यालयाचा उतार. जिथे तिथे दिगंबरराव ठोकत होते आणि बाई प्रत्येक वेळी ब्रेक दाबून "हो हो, दिसलं" म्हणत होत्या. कुणी ऐकलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. म्हणेना का!

आणि मग एकेक जागा गप्प होत गेली.

"नियम सांग," बाई नौशादला म्हणाल्या. शिकवताना त्या नेहमी असंच विचारायच्या. "सूचना गप्प कधी बसते?"

नौशादने विद्यार्थ्यासारखं सांगितलं, "सूचना उमटायच्या आतच चालकाने ब्रेक दाबला, तर ती उमटत नाही. असं काही वेळा झालं की यंत्रणा समजते, चालकाला आता कळलंय, आपलं काम संपलं. मग ती सूचना जिरते. जिरलेली सूचना परत येत नाही."

"आणि चालक बदलला तर?"

"उपयोग नाही. शिकवण जोडीची असते. या चालकासाठी हा शेजारी. मी चालवायला बसलो तर ती मला ओळखणारच नाही." तो थांबला. गडी मनाने मऊ होता. "मॅडम, सरांच्या बाकी सगळ्या सूचना जिरल्यात. तुम्ही त्यांचं ऐकलंत म्हणून जिरल्यात."

हेच तर दुखणं होतं. स्वतःच केलेला नियम, स्वतःच्याच मुळावर आला होता. नवऱ्याचं ऐकावं तर नवरा गप्प होतो. एकदा टाकीच्या वळणावर त्यांनी ठरवून ब्रेक दाबायचा नाही म्हटलं, केवळ ते ठक-ठक पुन्हा ऐकायला. पण वळण आलं आणि पाय आपोआप खाली गेला. जन्मभर जे शिकवून शिकवून नवरा थकला, ते पायाने तो गेल्यावर शिकून घेतलं होतं. राहिला होता फक्त जकात नाका. तिथे रस्ता मोकळाच असायचा, ब्रेक दाबायला कारणच नव्हतं, म्हणून ती सूचना जिरली नव्हती. ती का वाजते हे बाईंनी वर्षभर तपासलं नव्हतं. वाजतेय ना, मग वाजू दे, इतकाच हिशेब होता.

"खोटी सूचना म्हणून हिला पुसावं लागेल," नौशाद हळूच म्हणाला. "कारण सापडलं नाही तर प्रमाणपत्र देता येत नाही. तुम्हीच शिकवलंय."

"मग कारण शोध."

नौशादने मूळ नोंद पडद्यावर आणली. दिगंबररावांच्या पायाच्या सगळ्या दचक-रेषा एकाखाली एक उभ्या राहिल्या. साऱ्या एकाच घरातल्या वाटाव्यात अशा. झटकन वर, झटकन खाली. जकात नाक्याची रेष काढली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"चमत्कारिकच आहे. मॅडम, एका जागी पाच-सहा वेळा दचकल्याशिवाय यंत्रणा शिकत नाही. इथे एकाच खेपेत शिकली."

"दाब किती?"

"सगळ्यांत जास्त. आणि हे बघा, माणूस दचकला की पाय दाबतो आणि लगेच सोडतो. इथे नाक्यापाशी दाबलाय तो सोडलेलाच नाही. हळूहळू वाढत गेलाय. पार रस्ता संपेपर्यंत." त्याने बोट पुढे पुढे नेलं. "कुठे संपतो हा रस्ता? हं, इस्पितळाच्या दारात."

बाईंनी तारीख बघितली नाही. गरज नव्हती.

त्या सकाळी त्या दिगंबररावांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी घेऊन चालल्या होत्या. महिनाभर यजमानांची चालढकल सुरू होती. आंब्याचा मोसम होऊन जाऊ दे, अमक्याचं लग्न होऊन जाऊ दे. शेवटी बाईंनी आकडे पुढे ठेवले. "शंभरातले सत्त्याण्णव ठणठणीत होतात. उरलेल्या तिघांत तुम्हीच कशाला असाल?" आकड्यांपुढे मुद्रितशोधकाचं काय चालणार! त्यांनी पिशवी भरली, गाडीत बसले, स्वतःहून पट्टा लावला. नाका आला तेव्हा बाईंचं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं.

"अहो, ब्रेक कुठे मारताय? रस्ता मोकळा आहे."

"सवय गं," ते म्हणाले आणि हसले. पुढे इस्पितळाच्या धावपळीत बोलणं झालंच नाही, आणि नंतर ते बोलायला राहिले नाहीत.

"हे दचकणं नाही," नौशाद पडद्याकडे बघत म्हणाला. त्याला अजून उमगलं नव्हतं. "समोर काही दिसलं म्हणून दाबलेला पाय नाही हा. हे काहीतरी वेगळंच..." मग त्याने बाईंकडे पाहिलं, आणि त्याला उमगलं. "मॅडम, सॉरी. मला..."

"दचकणं नाहीच ते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "ते मला थांब म्हणत होते, नौशाद. तोंडाने सांगितलं असतं तर मी पुन्हा आकडे काढले असते. म्हणून पायाने सांगितलं. आणि मी काय म्हणाले? रस्ता मोकळा आहे!"

"तुम्ही थांबला असतात तरी काय झालं असतं कुणी सांगावं? आजार होताच."

"ते खरंच. त्याचं उत्तर कुठल्याच नोंदीत नाही." त्यांनी डोळे पुसले. "पण मी थांबले असते तर दोन घटका रस्त्याच्या कडेला बसलो तरी असतो. भीती वाटतेय, एवढं तरी त्यांना बोलता आलं असतं."

मग नौशादने कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "सूचना खरी आहे. पुसत नाही. नाक्यावरून तुम्ही जाल तेव्हा वाजेल. फक्त तिथे ब्रेक दाबू नका म्हणजे झालं. जन्मभर राहील."

त्याने भल्यासाठीच सांगितलं होतं. पण परतीच्या वाटेवर त्याच शब्दांनी बाईंना घेरलं. ब्रेक दाबू नका. म्हणजे त्या माणसाने जीव तोडून थांब म्हणावं आणि आपण त्याचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून रोज न थांबता पुढे जावं. वर्षभर त्या हेच करत होत्या, नकळत. आता कळून करायचं? त्यांच्या नवऱ्याने त्यांच्यासाठी मागे एकच गोष्ट ठेवली होती, आणि ती जपायची तर त्याचं न ऐकून जपायची. ऐकायचं तर ती घालवून ऐकायचं.

संध्याकाळची वेळ होती, पण नाका मोकळाच होता. लांबून जकातीची जुनी चौकी दिसली. आता दोन क्षणांत ठोकेल. बाईंचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता आणि तिथून हलत नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पाय उचलला, आणि ब्रेक दाबला.

गाडी डाव्या कडेला घेऊन थांबवली. तळातून काही वाजलं नाही.

मागून आलेल्या रिक्षावाल्याने वेग कमी करून डोकं बाहेर काढलं. "काय मावशी, बंद पडली का गाडी?"

"नाही रे बाबा," बाई म्हणाल्या. "थांबवलीय."

तो गेला. बाईंनी डावीकडच्या सीटवरची पिशवी उचलून मागे ठेवली आणि भोक पडलेल्या पायपुसण्याकडे बघत बसल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "थांबले हो. सांगा आता, काय म्हणत होतात?"

उद्या पुन्हा इथे थांबायचं, परवाही थांबायचं, आणि मग काही दिवसांनी ही सूचनाही जिरून जाईल, हे त्यांना पक्कं माहीत होतं. नियम त्यांचाच होता.

गाडीने थोडा वेळ वाट पाहिली. पुढे काही नाही, मागे काही नाही, चालक जागा आहे, तरी गाडी हलत नाही, हे तिच्या लक्षात आलं. मग तिने आपल्या गोड आवाजात आठवण केली.

"पुढचा रस्ता मोकळा आहे."

बाईंनी ब्रेकवरचा पाय आणखी घट्ट दाबला आणि तसाच दाबून धरला.