लवकर सुरू होणारा कॉम्प्युटर

"तुम्हीच सांगितलंत, कृष्णराव. नाव कुणी ऐकलेलं नाही, पण स्वस्त आहे, घ्या म्हणालात," यशवंतराव शितोळे दारातच सुरू झाले.

आठवडाभर कृष्णराव हेच ऐकत होते. शेवटी वैतागून त्यांनी आपल्या जयवंतीवहिनींना शितोळ्यांच्या देवासच्या टायपिंग क्लासात आणलं होतं. वहिनी विमा कंपन्यांसाठी खासगी चौकशा करत.

१९८७ साल होतं. नावाजलेल्या कंपनीचा कॉम्प्युटर शितोळ्यांना झेपणारा नव्हता, म्हणून इंदूरच्या एका नव्या कंपनीचा घेतला. तीन आठवडे नीट चालला. गेल्या बुधवारपासून पत्रं टाइप करायचा प्रोग्रॅमच उघडेना. कंपनीने कळवलं, कॉम्प्युटरच्या डब्याचं सील शाबूत आहे, म्हणजे आतलं सगळं जागेवर आहे. तुमच्याच माणसाने प्रोग्रॅमची फ्लॉपी बिघडवली.

तो माणूस म्हणजे शिकवणारी मालन. शितोळ्यांनी तिला चारच्या बॅचसमोर वाटेल ते बोलून घरी पाठवलं होतं. वहिनींनी तिला आज मुद्दाम बोलावलं होतं.

वहिनींनी बटण दाबलं. पडद्यावर आकडे धावले आणि २५६ वर थांबले. त्यांनी आकडा टिपून घेतला, शितोळ्यांकडून खरेदीची पावती मागितली.

कृष्णराव डब्यामागे वाकले. बाहेर रस्ता खणलेला. बिघडल्यापासून मशीन कापडाने झाकलेली होती, तरी डब्याच्या पाठीला लागून त्यांची बाही धुळीने भरली. मागच्या स्क्रूवर सीलची कागदी पट्टी होती, पांढरीशुभ्र, कुठेही न फाटलेली.

"सील ठीक आहे, वहिनी. उगाच आलो आपण."

"मालन, तू काय पाहिलंस?"

"मी रोज सकाळी मशीन चालू करायची, ताई. पडद्यावर गिनती व्हायची तोवर माझी उदबत्ती लावून व्हायची. बुधवारी काडी पेटवते तोच मशीन तयार. मला वाटलं, सुधरली."

"लवकर सुरू होतो, ही काय तक्रार झाली?" कृष्णराव चिडून म्हणाले.

शितोळ्यांचा भाचा शरद पीथमपूरला कारखान्यात कामाला होता. वहिनींनी त्यालाही बोलावलं होतं. "मी मंगळवारी दुपारी गेम खेळलो, बस. मग शिफ्टची गाडी पकडली. डब्याला हात नाही लावला, मामाला विचारा."

शेवटी कंपनीचा मेकॅनिक फत्तेसिंग आला.

"मंगळवारी संध्याकाळी प्रिंटरची केबल बदलून गेलो. डबा उघडलाच नाही. पहिल्या दिवशी मी सील लावलं, तेच आहे अजून."

"या पट्ट्या आणखी कुणाकडे असतात?" वहिनींनी विचारलं.

"कुणाकडेच नाही. माझ्याच ताब्यात."

वहिनींनी वही मिटली.

"भाऊजी, बाही दाखवा. पहिल्या तीन आठवड्यांची धूळ आहे ती. पट्टी पहिल्या दिवसाची असती, तर तिच्यावरही बसली असती. ती कोरी आहे, म्हणजे नवी आहे. शरदने किंवा मालनने डबा उघडला असता, तर जुनी पट्टी फाटलेली दिसली असती. नवी लावणं एकालाच शक्य होतं."

फत्तेसिंग खाली बघू लागला.

"सुरू होताना मशीन आपली मेमरी मोजते. पावतीवर ६४० आहे, पडद्यावर २५६. मोजायला उरलंच कमी, म्हणून गिनती लवकर संपते आणि प्रोग्रॅमला जागा पुरत नाही. मंगळवारी सकाळी गिनती लांब होती, बुधवारी आखूड. मधल्या संध्याकाळी इथे तुम्ही होतात. मेमरीच्या चिपा तुम्ही काढल्यात."

मग फत्तेसिंग म्हणाला, "मालकाने सांगितलं. बड्या गिऱ्हाइकाची मशीन अडली होती, बाजारात चिपा नव्हत्या. म्हणाला, देवासवाल्यांना काय समजतंय."

या मालकाची हमी कृष्णरावांनी स्वतः शितोळ्यांना दिली होती. त्यांनी फत्तेसिंगकडून सगळं लिहून घेतलं आणि मालकाला फोन लावला. कबुलीजबाब हातात आहे, एवढंच म्हणाले. दुपारच्या बसने चिपा आल्या.

"मालन, सोमवारपासून ये," शितोळे पुटपुटले.

"बोललात सगळ्यांसमोर," मालन म्हणाली. "आता एकट्यात बोलावता?"

शितोळे कृष्णरावांकडे बघू लागले. कृष्णरावांनी मान फिरवली.

चारची बॅच आली. यशवंतराव उभे राहिले. घसा दोनदा खाकरला आणि अठरा जणांसमोर म्हणाले, "मालनबाईंची काही चूक नव्हती. चूक माझी झाली."

मालनने पदर खोचला आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला बोटं कुठे ठेवायची ते दाखवू लागली.